सोलरमधली नोकरी ते एमबीए: पत्र्यावरचा अनुभव वर्गात कसा न्यायचा

नवी मुंबईत, रबाळ्याच्या एमआयडीसीत एका पॅकेजिंगच्या कारखान्याच्या पत्र्यावर मी मालकांबरोबर उभी होते. मे महिना, दुपारचे बारा. माझ्या हातात १०० किलोवॅटच्या सोलरचा प्रस्ताव होता: खर्च ४५ लाख, बिलात वर्षाला सव्वाबारा लाखांच्या आसपास बचत, पावणेचार वर्षांत पैसे वसूल. मालकांनी कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "मॅडम, जुलैत किती युनिट पडतील?"

मी म्हटलं, "साहेब, वर्षाची सरासरी धरा ना."

"बँकेचा हप्ता सरासरीनं जात नाही," ते म्हणाले. "दर महिन्याच्या पाच तारखेला जातो."

ते काम आम्हाला मिळालं नाही. पुढे एमबीएच्या पहिल्या मुलाखतीत मला विचारलं गेलं, "तुमच्या ग्राहकानं नाही का म्हटलं?" मी उत्तर दिलं, "लोकांमध्ये अजून जागरूकता कमी आहे." समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय बदलला. माझी निवड झाली नाही. ते उत्तर चुकीचं होतं. मालकांना सोलरची पुरती जाण होती, त्यांच्या रोकडीची जाण मला नव्हती. हे कळायला मला एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षानंच मला प्रवेश मिळवून दिला.

मी ऐरोलीची. महाप्यातल्या एका सोलर ईपीसी कंपनीत (डिझाइन, खरेदी आणि उभारणी करणाऱ्या) पाच वर्षं काम केलं, मग दोन वर्षांचं एमबीए केलं, आता सौर प्रकल्पांना कर्ज देण्याच्या कामात आहे. घणसोली, कोपरखैरणे, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून मुलंमुली रविवारी भेटायला येतात. कुणी सोलर साइटवर असतं, कुणी ऊर्जा लेखापरीक्षण करतं, कुणी विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या चार्जिंगच्या कामात असतं. सगळ्यांकडे अनुभव भरपूर असतो आणि तो सांगताना सगळे मेगावॅट मोजतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी स्वतःला विचारा: एमबीएच का?

ऊर्जेच्या क्षेत्रात पुढे जायला एमबीए हा एकच रस्ता नाही. तुम्हाला यंत्रांमध्ये, मोजमापात गोडी असेल तर बीईईची (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची) प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा द्या. खर्च फार कमी आणि नोकरी सोडावी लागत नाही. डिझाइनमध्ये रस असेल तर एमटेक करा. वीज नियामक आयोगापुढची प्रकरणं वाचताना मजा येत असेल तर कायद्याकडेही बघा.

एमबीए त्याचं, ज्याला काम करताना पुन्हा पुन्हा एकाच जागी अडल्यासारखं वाटतं: तांत्रिक बाजू चोख, पण निर्णय दुसऱ्याच कारणानं होतो किंवा होत नाही. प्रकल्प का अडला, बँकेनं का नाकारला, सोसायटीच्या सभेत ठराव का पडला, ही कोडी तुम्हाला रात्री झोपू देत नसतील तर पुढे वाचा. फक्त पगार वाढावा म्हणून जायचं असेल तरी हरकत नाही, पण मग तेही स्वतःशी स्पष्ट असू द्या, कारण निबंधात आणि मुलाखतीत ते लपत नाही.

नोकरी सोडण्याच्या वर्षभर आधी: वही भरा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे आणि जवळजवळ सगळे ती चुकवतात. नोकरी सुटली की सहा महिन्यांत आकडे विसरतात. माणसांची वाक्यं तर त्याआधीच विसरतात.

दोनशे पानी वही घ्या. तुमच्या हातून पार पडलेल्या किंवा हातातून निसटलेल्या पाच-सहा कामांना प्रत्येकी चार पानं द्या. पहिल्या पानावर कोरडी माहिती: क्षमता किती, छप्पर कसलं, मंजूर भार किती, वीजदर काय, खर्च काय, पैसे कुणी घातले. ग्राहकानं स्वतः घातले की रेस्को पद्धतीनं विकासकानं घातले आणि ग्राहक युनिटमागे दर देतो? दुसऱ्या पानावर तारखा: पहिली भेट, कामाची ऑर्डर, नेट मीटरचा (ग्रिडला दिलेली जास्तीची वीज बिलातून वजा करणाऱ्या मीटरचा) अर्ज, मीटर बसला, पहिलं बिल आलं. तारखांमधली अंतरं बघा. माझ्या एका कामात पॅनेल अकरा दिवसांत चढले होते आणि कागदपत्रांना चार महिने लागले होते. ही दरी म्हणजे ऑपरेशन्सच्या वर्गातला अख्खा धडा आहे.

तिसरं पान माणसांचं. होकार कुणी दिला? नकार कुणी दिला? नेमकं कोणतं वाक्य म्हणाले? नेरूळच्या एका सोसायटीत मी सामायिक विजेसाठी २५ किलोवॅटचा प्रस्ताव घेऊन गेले होते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे साडेचार लाख सरळ कमी होणार होते. आकडेमोड सगळ्यांना पटली. मग खजिनदार काका उठले आणि म्हणाले, "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर हे पॅनेल कुठं नेणार?" सभा तिथंच थांबली. सिडकोच्या काळातल्या इमारती वाशी-नेरूळमध्ये पुनर्विकासाच्या वाटेवर असताना २५ वर्षं टिकणारी वस्तू गच्चीवर बसवणं हा साधा प्रश्न नाही. काकांनी विचारलेल्या त्या एका प्रश्नात मालमत्तेचं आयुष्य, धोका, विल्हेवाटीची किंमत आणि सामूहिक निर्णय हे सगळं होतं. वर्गात हे सगळे विषय वेगवेगळ्या तासांना शिकवतात.

चौथं पान चुकांचं. काय चुकलं, तुमच्यामुळे किती, परत केलं तर काय बदलाल. हे पान भरायला जीवावर येतं. तरीही भरा.

एक पथ्य पाळा. कंपनीच्या फायली, ग्राहकांची बिलं, कोटेशनं घरी नेऊ नका. वहीत ग्राहकाचं नाव लिहू नका, "रबाळे, पॅकेजिंग, पत्रा" एवढं पुरतं. आकडे ढोबळ ठेवा. तुम्ही गुप्तता पाळता की नाही हे मुलाखत घेणारे बारकाईनं बघतात.

त्याच सुमाराला कागदपत्रंही गोळा करा: नियुक्तीपत्र, पगारवाढीची पत्रं, फॉर्म १६, आणि सोडताना अनुभवपत्र. लहान ईपीसी कंपन्यांमध्ये मनुष्यबळ विभाग म्हणजे बऱ्याचदा अकाउंट्स बघणारी एकच व्यक्ती असते. आज मागितलं तर मिळतं, दोन वर्षांनी फोन लागत नाही. शिफारसपत्र सगळ्यांत मोठ्या पदाच्या साहेबाकडून घेण्याचा मोह होतो. ते घ्या अशा माणसाकडून, ज्यानं तुम्हाला साइटवर भांडण मिटवताना पाहिलं आहे.

आकडा उलगडून बघा

"मी चार मेगावॅटचे प्रकल्प पूर्ण केले" हे वाक्य बिझनेस स्कूलमधल्या माणसाला काहीच सांगत नाही. चार मेगावॅट म्हणजे किती पैसा, कुणाचा, कोणत्या जोखमीचा, हे त्याला हवं असतं. मी रबाळ्याचंच उदाहरण सोडवून दाखवते. त्या नकारानंतर मी हे गणित घरी बसून केलं होतं.

आपल्या पट्ट्यात एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,३५० युनिट धरले तर १०० किलोवॅटचे १,३५,००० युनिट होतात. युनिटमागे ९ रुपये वाचले तर १२ लाख १५ हजार. खर्च ४५ लाख. भागाकार केला की ३.७ वर्षं. इथपर्यंत कुठलाही विक्री प्रतिनिधी येतो.

आता कर्ज घाला. मालक ९ लाख स्वतःचे घालणार आणि ३६ लाख बँकेचे, १० टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता सुमारे ७६,५०० रुपये. एप्रिलमध्ये किलोवॅटमागे १३५ युनिट पडले तर त्या महिन्यात १३,५०० युनिट, म्हणजे १ लाख २१ हजारांची बचत. हप्ता जाऊन वर ४५ हजार उरतात. जुलैत, कोकणातल्या ढगाखाली, किलोवॅटमागे ७० युनिट धरा. ७,००० युनिट, ६३,००० रुपये. हप्त्याला साडेतेरा हजार कमी पडतात. आणि पावसाळ्यातच त्यांच्या गिऱ्हाइकांकडून येणी उशिरा येत होती, हे त्यांनी मला चहा पिताना सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं, पण कागदावर मांडलं नव्हतं.

मग पुढचा विचार सुचतो. हप्ताच ऋतूप्रमाणे ठेवला तर? जून ते सप्टेंबर ५०,०००, उरलेले आठ महिने सुमारे ९०,०००. वर्षाची बेरीज जवळजवळ तीच. शेतीकर्जात परतफेड पिकाच्या हंगामाप्रमाणे ठरते, मग सूर्याच्या हंगामाप्रमाणे का ठरू नये?

वहीतल्या प्रत्येक कामाला असं सोलून बघा. याला काही आवश्यक तपशील जोडा. पॅनेलचं उत्पादन दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटतं. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागू शकतो. धुण्याचा, विम्याचा खर्च येतो, आणि तळोजा किंवा पावण्यासारख्या रासायनिक पट्ट्यात धूळ जास्त बसते म्हणून धुणंही जास्त. कंपनी नफ्यात असेल तर सौर संयंत्रावर ४० टक्के दरानं घसारा मिळतो, त्यानं पहिल्या वर्षांचा कर वाचतो. आयआरआर (गुंतवणुकीवरचा परताव्याचा दर), एनपीव्ही (पुढच्या पैशांचं आजचं मोल) हे शब्द अजून येत नसतील तर घाबरू नका. एक्सेलमध्ये बारा महिने आडवे आणि पंधरा वर्षं उभी मांडा. पैसे आत कधी येतात आणि बाहेर कधी जातात, हे दिसलं की पुढचं शिकणं सोपं जातं.

कार्बनचा आकडाही काढून ठेवा. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. १,३५,००० युनिटला ९४-९५ टन. पण हा आकडा कधीही एकटा सांगू नका. त्याच्यासोबत रुपये हवेतच, नाहीतर ऐकणाऱ्याला तो भाषणातला वाटतो.

कोर्स आणि परीक्षा

दोन वर्षांपर्यंत अनुभव असेल तर दोन वर्षांचं एमबीए सरळ आहे. कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटी होते, अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मुलाखती जानेवारीनंतर, वर्ग जूनच्या सुमाराला. सीईटीतून जमनालाल बजाजसारख्या मुंबईतल्या संस्था मिळतात. नोकरी चालू ठेवून द्यायला ही परीक्षा बरी, पण तिथं वेगाचा सराव लागतो: १५० मिनिटांत २०० प्रश्न.

चार-पाच वर्षांहून जास्त अनुभव असेल तर एक वर्षाचे कार्यक्रम बघा: अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगळूरचा ईपीजीपी, कोलकात्याचा एमबीएईएक्स. आयएसबीचा पीजीपी दोन वर्षांच्या अनुभवावरही घेता येतो. इथं जीमॅट किंवा जीआरई चालते. एक वर्षाच्या कोर्सला उन्हाळी इंटर्नशिप नसते. ऊर्जेतून पूर्णपणे बाहेर पडायचं असेल तर ही उणीव जाणवते. ऊर्जेतच राहायचं असेल तर एक वर्षाचा पगार वाचतो.

खास शाश्वततेवरचे कोर्सही आहेत. आयआयएम लखनौचा सस्टेनेबल मॅनेजमेंटचा, दिल्लीत टेरीच्या विद्यापीठाचा, भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेचा. आणि आपल्या अगदी जवळ, ऐरोली पूल ओलांडून पवईला, २०२३ साली नीटीची जी आयआयएम मुंबई झाली तिथं सस्टेनेबिलिटी मॅनेजमेंटचं एमबीए आहे. माझं मत विचाराल तर, तुमचा अनुभव आधीच ऊर्जेतला असेल तर सर्वसाधारण एमबीए घ्या आणि ऐच्छिक विषय ऊर्जेचे घ्या. ज्याच्याकडे अनुभव नाही, त्याला खास कोर्सचा शिक्का जास्त उपयोगी पडतो. तुम्हाला उणीव आहे ती पैशाच्या आणि माणसांच्या विषयांची.

अभ्यासाला वेळ कुठून आणायचा? मी ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये डीआयएलआरचे, म्हणजे कॅटमधल्या तक्ते आणि तर्काच्या प्रश्नांचे संच सोडवायचे. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून परत. साइटवर असताना अभ्यास होत नाही, हे मान्य करा. पहाटेचा दीड तास आणि रविवार, एवढंच खरं. पावसाळ्यात साइटची कामं मंदावतात, ते तीन महिने अभ्यासाला द्या.

निबंध आधी मराठीत सांगा

अर्जाचा निबंध इंग्रजीत द्यायचा असतो, पण विचार इंग्रजीत करायला गेलं की तयार वाक्यं आपोआप येतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते, तुमची गोष्ट आधी आईला किंवा आजोबांना मराठीत सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. आई जिथं विचारेल, "मग त्यानं का नाही घेतलं?", तिथं निबंधाचा जीव आहे.

माझ्या पहिल्या वर्षीच्या निबंधाची सुरुवात साधारण अशी होती: "हवामानबदल हे मानवजातीपुढचं सर्वांत मोठं आव्हान आहे. नवीकरणीय ऊर्जेबद्दल मला लहानपणापासून आस्था आहे. मी विविध औद्योगिक ग्राहकांसाठी प्रकल्प यशस्वीपणे राबवले."

दुसऱ्या वर्षीची अशी: "एका कारखानदारानं मला विचारलं, जुलैत किती युनिट पडतील. मी वर्षाची सरासरी सांगितली आणि ४५ लाखांचं काम गमावलं. त्यांचं गणित बरोबर होतं. जुलैत त्यांच्या हप्त्याला साडेतेरा हजार कमी पडणार होते आणि ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. मला वित्त शिकायचं आहे, कारण या जिल्ह्यातली कितीतरी छपरं तंत्रज्ञानामुळे रिकामी नाहीत, हप्त्याच्या तारखेमुळे रिकामी आहेत."

पहिल्यातली आस्थाही खरी होती, मी खोटं लिहिलं नव्हतं. पण ती वाक्यं माझ्याऐवजी कुणीही लिहू शकलं असतं. तुमच्या निबंधातलं प्रत्येक वाक्य या कसोटीवर घासा.

"भविष्यात काय करणार?" या प्रश्नाला स्वतःची कंपनी काढणार असं बहुतेक जण लिहितात. काढायची असेल तर जरूर लिहा, पण पहिला ग्राहक कोण हे सांगता आलं पाहिजे.

मुलाखतीत काय विचारतात

ऊर्जेतून आलेल्या माणसाला ऊर्जेवरच खोदून विचारतात, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा विषय चांगला माहीत असतो. काही प्रश्न हमखास येतात. सूर्य मावळल्यावर काय? जुन्या पॅनेलांचं काय करणार? २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही येतात, एवढं तरी माहीत हवं. चीनवरचं अवलंबित्व? त्यासाठी सरकारमान्य पॅनेल-उत्पादकांची एएलएमएम यादी म्हणजे काय आणि एप्रिल २०२२ पासून मॉड्यूलवर, म्हणजे पॅनेलवर, ४० टक्के आयातशुल्क का लावलं, हे दोन्ही बाजूंनी सांगता आलं पाहिजे: देशी कारखान्यांना आधार मिळाला आणि प्रकल्पांचा खर्चही वाढला.

सगळ्यांत कठीण प्रश्न हा: "तुमच्या कारखानदारानं सोलर बसवलं, त्याचं बिल कमी झालं. मग महावितरणचं नुकसान कोण भरणार?"

यावर थोडं थांबते, कारण इथं मुलं अडखळतात. उद्योग आणि व्यापारी ग्राहक विजेच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त दर देतात, शेतकरी आणि लहान घरगुती ग्राहक कमी देतात. वरच्यांच्या जास्तीच्या पैशातून खालच्यांची सूट भागते. मोठा ग्राहक छपरावर वीज बनवू लागला, किंवा २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी किमान मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणल्यामुळे ओपन ॲक्सेसनं, म्हणजे महावितरणच्या तारा वापरून दुसऱ्या उत्पादकाकडून, वीज घेऊ लागला, की महावितरणचे महाग युनिट कमी होतात. तारा, उपकेंद्रं, वीजखरेदीचे जुने करार यांचा खर्च मात्र तसाच राहतो. म्हणून नेट मीटरच्या नियमांवर आणि अधिभारांवर एवढी रस्सीखेच असते. हे प्रामाणिकपणे मान्य करा. मग दुसरी बाजू मांडा: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसारख्या योजनांत शेतीच्या फीडरलाच जवळच्या सौर प्रकल्पातून दिवसा वीज मिळते, त्यामुळे शेतीला वीज पुरवण्याचा खर्चच खाली येतो आणि सूट देण्याची गरज कमी होते. टीओडी दरांत, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलणाऱ्या दरांत, दुपार स्वस्त आणि संध्याकाळ महाग झाली की छपरावरच्या दुपारच्या युनिटची किंमत कमी होते आणि बॅटरीची वाढते. हे सांगून थांबा. "यात सोपं उत्तर नाही, पण मी या बाजूनं विचार करेन" हे वाक्य चालतं, त्याआधीचं सगळं सांगितलं असेल तर.

कुठल्याही ग्राहकाला, कामगाराला, सरकारी कार्यालयाला अडाणी ठरवू नका. माझी पहिली मुलाखत तिथंच संपली होती.

पैशाचं गणित

नामांकित संस्थांची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर जाते, त्यात बुडालेला पगार वेगळा. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, ते आधी बघा. जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. आणि एक गोष्ट घरी स्पष्ट बोला: ऊर्जेतले पगार सल्लागार कंपन्या किंवा गुंतवणूक बँकांएवढे बहुतेक वेळा नसतात. दुसऱ्याचं गणित इतकी वर्षं मांडलंत, आता स्वतःच्या हप्त्याचंही महिन्यागणिक मांडा.

वर्गात गेल्यावर

पहिल्या महिन्यात प्रत्येक तासाला सोलरचं उदाहरण देण्याची ओढ होते. आवरा. आठवड्यातून एकदा, पण नेमकं बोला. भांडवलाची किंमत शिकवताना जुलैचा हप्ता सांगा. ग्राहकाचं वर्तन शिकवताना नेरूळची सभा सांगा. बाकी वेळ शेजारच्यांचं ऐका. माझ्या गटात एक बँकेतला मुलगा होता. ऋतूप्रमाणे हप्ता ही माझी कल्पना मी मोठ्या उत्साहानं मांडली तेव्हा त्यानं विचारलं, "पहिल्या चार महिन्यांतच थकला तर बँकेच्या वसुलीच्या नोंदीत तो कसा दिसेल?" हा प्रश्न मला पाच वर्षं साइटवर राहून कधीच पडला नसता. त्याला पत्र्यावरची धूळ माहीत नव्हती, मला बँकेची वही. आम्ही दोघांनी मिळून तो प्रकल्प केला.

एक गोष्ट वर्गात कुणी दुसरं आणणार नाही, ती तुम्हीच आणा: पत्र्यावर चढणारी माणसं. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय चुकीच्या जागी पडला की पत्रा फुटतो आणि माणूस खाली जातो. वॉकवे, लाइफलाइन, हार्नेस यांचे पैसे कोटेशनमध्ये असतात, आणि ग्राहक दर पाडायला लागला की सगळ्यांत आधी तेच कापले जातात. मी हे होताना पाहिलं आहे आणि एकदा गप्प बसले आहे. खर्चकपातीवर चर्चा चालू असताना मी हे सांगितलं तेव्हा वर्ग बराच वेळ शांत होता. युनिटमागचा दर तीन रुपयांवर येतो तेव्हा त्यातला कोणता पैसा कुणाच्या अंगावरून वाचला, हे विचारणारं कुणीतरी त्या खोलीत असायलाच हवं.

इंटर्नशिप आणि पुढचं काम

जागा आता एकाच प्रकारच्या नाहीत. प्रकल्प विकासक, बँकांचे प्रकल्प-कर्ज विभाग, सल्लागार कंपन्या, आणि मोठ्या कारखान्यांचे स्वतःचे शाश्वतता विभाग. सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, त्यामुळे ऊर्जेचे आकडे समजणाऱ्या माणसांची गरज निर्माण झाली. पोलाद, ॲल्युमिनियमसारखा माल युरोपला पाठवणाऱ्यांना तिथल्या कार्बन कराच्या नियमामुळे उत्सर्जनाचा हिशोब द्यावा लागतो. २०२३ साली आपल्याकडे कार्बन क्रेडिट व्यापाराची योजनाही अधिसूचित झाली. यातल्या प्रत्येक कामात मीटर वाचता येणारा माणूस लागतो, आणि तो तुम्ही आहात. मुलाखतीला जाताना त्या कंपनीचा बीआरएसआर उघडा, विजेचा आकडा काढा आणि एक प्रश्न तयार ठेवा. एवढी तयारी फार थोडे जण करून येतात.

शेवटच्या सत्रातल्या प्रकल्पासाठी जुन्या ग्राहकाकडे परत जा, मात्र आधीच्या कंपनीच्या करारात आडकाठी नाही ना हे तपासून. मी रबाळ्याला गेले. पत्रा अजून रिकामाच होता. मालकांसमोर बारा महिन्यांचा तक्ता ठेवला: कोणत्या महिन्यात किती युनिट, किती बचत, किती हप्ता. जुलैच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तसंच राहिलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, ५०,००० च्या जागी ४५,००० लिहिलं, आणि म्हणाले, "ऑगस्टमध्ये गणपतीचा बोनसही असतो मॅडम. तोही धरा."